‘बंदूक’ नावाचा आळस

शिकारसाहित्यावरची जी मराठी समीक्षा आमच्या वाचनात आली, तिच्यात रान असते, चांदणे असते, मचाणावरची सुन्न रात्र असते आणि वाघाचे ‘राजस’ रूप तर असतेच असते. शिकाऱ्याच्या हातात नेमके काय होते, याची चौकशी मात्र नसते. त्या प्रश्नाची बोळवण एका शब्दावर होते: ‘बंदूक’. कधी औदार्य दाखवलेच, तर ‘रायफल’ हा शब्द येतो; पण तोही बंदुकीचा इंग्रजी पर्याय म्हणून. एकाच परिच्छेदात एकाच वस्तूला दोन्ही नावे देऊन पुनरुक्ती टाळल्याचे समाधान मिळवले जाते. लेखकाने मापाचा आकडा दिला असेल, तर तो ‘तांत्रिक तपशील’ म्हणून गाळला जातो, आणि अनुवादात गळला तर कोणाला चुकल्यासारखेही वाटत नाही.

या सवयीला आमचा विरोध आहे. शिकारकथेतील माणसाने कोणती रायफल निवडली, ती किती जड होती आणि ती त्याला कशी परवडली, हे प्रश्न कथेबाहेरचे नाहीत. पुष्कळदा कथानकाचा कणा तेथेच असतो. ते न विचारता केलेले वाचन अपुरे तर असतेच. काही ठिकाणी ते सरळसरळ चुकीचे असते.

प्रथम वस्तूविषयी. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून सहसा छर्रे सुटतात आणि तिचा टप्पा थोडा असतो. रायफलीच्या नळीत आतून वळत गेलेल्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि त्या फिरकीमुळे गोळी लांबवर सरळ जाते. हा भेद जात्यात आणि पाट्या-वरवंट्यात असतो तेवढा मोठा आहे. दोन्हींना ‘दळण्याचे साधन’ म्हणणाऱ्याच्या हातचा स्वयंपाक आपण जेवणार नाही. समीक्षा मात्र निमूट गिळतो.

आता निवडीविषयी. रायफल घेणारा माणूस तीन गोष्टी तोलतो: वजन, दाम आणि धक्का. डोंगरात दिवसभर चालायचे, तर सकाळी हलकी वाटलेली वस्तू दुपारच्या चढावर खांदा ओढू लागते. म्हणून हलकी हवी. पण हलकेपणा फुकट मिळत नाही. काडतूस तेच ठेवून चार किलोंची रायफल तीन किलोंवर आणली, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. संवेगाच्या नियमापुढे कोणाची सवलत चालत नाही. त्या धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो आणि नेम चुकतो. शिवाय हलकेपणाचे दोन भाव असतात. नळी बारीक करून आणि दस्ता प्लास्टिकचा लावून मिळतो तो स्वस्त हलकेपणा. टायटॅनियम आणि कार्बनच्या धाग्यांनी मिळतो तो श्रीमंतांचा. आज अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्कच्या मागावर चढणारा एखादा शाळामास्तर किंवा सुतार हाच हिशेब करतो. त्याच्यासमोर रुगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस, टिका टी-३-एक्स लाइट अशी कारखान्यात ठोकपणे बनणारी, दुर्बिणीविना तीन किलोंच्या आसपास भरणारी मॉडेले असतात. बारीक नळी लवकर तापते. पण दिवसात एक किंवा दोनच बार काढणाऱ्याला त्याची फिकीर नसते. आपले पाय किती चालणार, खांदा किती सोसणार, खिसा किती सैल होणार आणि आपला नेम किती खरा, या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिल्यावाचून त्याला खरेदी करता येत नाही. अशी उत्तरे देणाऱ्या माणसाला आपण साहित्यात ‘पात्र’ म्हणतो.

हीच कसोटी जिम कॉर्बेटला लावून पाहू. कॉर्बेट हा आपल्याकडे ‘गोरा साहेब शिकारी’ या एका साच्यात बसवला जातो. प्रत्यक्षात हा नैनितालचा, मोकामे घाटावर रेल्वेच्या मालाच्या चढ-उताराचे कंत्राट वीसहून अधिक वर्षे सांभाळणारा माणूस. ‘जंगल लोअर’मध्ये त्याने आपल्या पहिल्या शस्त्राचे वर्णन केले आहे: ठासणीची दुनळी, तिची उजवी नळी फुटलेली, आणि दस्ता व नळ्या पितळी तारेने आवळून एकत्र धरलेल्या. नंतर कॅडेट म्हणून हाती आली ती उसनी मिळालेली जुनी .४५० मार्टिनी. कुमाऊँचा हा सर्वांत नामांकित शिकारी मागून, उसने घेऊन आणि डागडुजी करून शस्त्रापर्यंत पोहोचला. महाराजांच्या शिकारखान्याशी त्याची तुलना करणे म्हणजे कोठीवाल्याची आणि कारकुनाची खातेवही एक समजणे होय.

१९०७ मधील चंपावतच्या वाघिणीची कथा घ्या. ४३६ माणसे मारल्याची नोंद जिच्या नावावर आहे, त्या वाघिणीसमोर कॉर्बेटच्या .५०० रायफलीतली तिन्ही काडतुसे संपतात. जखमी वाघीण समोर असताना तो धावत जाऊन तहसीलदाराच्या हातातले शस्त्र घेतो. या शस्त्राला कॉर्बेट रायफल म्हणत नाही. वाघिणीसमोर उभे राहून ते उचलल्यावर त्याच्या लक्षात येते, की नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चांगली फट आहे. तरी तो बार काढतो. उघड्या जबड्यावर धरलेला नेम चुकतो आणि गोळी पंजाला लागते. वाघीण मरते ती आधीच्या जखमांनी.

मराठीत हा प्रसंग ‘हातातली बंदूक रिकामी झाली म्हणून त्याने दुसरी बंदूक घेतली’ असा सांगितला, की काय उरते? एका बंदुकीच्या जागी दुसरी बंदूक. मूळ प्रसंगाची भीती या अदलाबदलीतच होती: खात्रीच्या शस्त्राकडून बेभरवशाच्या शस्त्राकडे, रायफलीकडून मोडक्या बंदुकीकडे. शब्द एकच ठेवल्याबरोबर ती भीती कागदावरून उडून जाते. पुढचा भाग तर कोणी वाचतच नाही. संयुक्त प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट याने या कामगिरीबद्दल कॉर्बेटला रिग्बी कंपनीची .२७५ मापाची रायफल दिली. तिच्यावर तसा मजकूर कोरलेली पट्टी आहे. त्याच ह्युएटने नैनितालच्या दरबारात तहसीलदाराला काय दिले? कॉर्बेटने लिहून ठेवले आहे: बंदूक. एकाला रायफल, दुसऱ्याला बंदूक. १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची मुभा नव्हती आणि युरोपीयांना त्यातून सवलत होती, हे ठाऊक असलेल्या वाचकाला या दोन बक्षिसांत वसाहतीची अख्खी उतरंड दिसेल. पण दोन्ही ठिकाणी ‘बंदूक’ लिहिणाऱ्याने ती उतरंड आपल्या हाताने पुसून टाकलेली असते.

ह्युएटने दिलेली रायफल हलकी होती, हे आता ध्यानात घ्यावे. जर्मनीतल्या माउझर कारखान्याची यंत्ररचना आणि मूळचे ७ मिलिमीटरचे जर्मन काडतूस, यांना लंडनच्या रिग्बीने इंची मापाचे नाव दिले, तीच ही.२७५. वजन सुमारे सव्वातीन किलो. कॉर्बेटकडे जेफ्रीची .४५०/४०० ही दुनळी रायफलही होती. ती साडेचार किलोंच्या घरातली. दुनळी रायफल ही कारागिरांची वस्तू. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून बार काढून पाहायचे, नळ्यांचा जोड किंचित हलवायचा, पुन्हा बार काढायचा, असे ते काम चालते आणि तिचा दाम त्या मजुरीतून फुगतो. माउझर हा यंत्रावर ठोकपणे होणारा माल. म्हणून रेल्वेतला, जंगलखात्यातला, मळ्यावरचा मध्यम मिळकतीचा माणूस तिच्याकडे वळला. बंगळुरूच्या केनेथ अँडरसनच्या हातात विंचेस्टरची अमेरिकन कारखानी .४०५ दिसते, तीही याच अर्थकारणाने. त्याच्या वाचकांपैकी कितीजणांनी हा आकडा ओलांडून न जाता त्याच्यापाशी थांबून पाहिले?

आणि मग चौगडची वाघीण. साल १९३०. हा प्रसंग आम्हांला साऱ्या शिकारसाहित्यात अजोड वाटतो. कॉर्बेट ओढ्याच्या पात्रातून उतरतो आहे. डाव्या हातात रातव्याची दोन अंडी आहेत, उजव्या हातात.२७५. एका मोठ्या दगडाला वळसा घातल्यावर उजव्या खांद्यावरून मागे पाहतो, तो आठ फुटांवर वाघीण. रायफलीचे तोंड भलतीकडे. ते सुमारे पाऊण वर्तुळातून, एकाच हाताने, वाघिणीला हालचाल जाणवणार नाही इतक्या संथपणे फिरवायचे आहे. तो ते फिरवतो आणि एका हाताने बार काढतो. नंतर कॉर्बेट स्वतःच हिशेब मांडतो: वरवर तोट्याच्या वाटणाऱ्या तीन गोष्टींनी आपल्याला वाचवले, हातातली अंडी, हलकी रायफल आणि वाघीण नरभक्षक असणे. अंडी नसती, तर तो झटकन वळला असता आणि वाघिणीने झेप घेतली असती. रायफल जड असती, तर ती एका हाताने फिरवून झाडता आली नसती. साधा वाघ असता, तर तो तेथे थांबलाच नसता.

या कारणमालेतले मधले कारण मराठी वर्गात गायब असते. अंड्यांवर आम्ही सारे भरभरून बोलतो: क्रौर्य आणि कोमलता, हिंसेच्या तळहातावर जीवनाचे बीज, वगैरे. अंडी प्रतीक होण्याच्या योग्यतेची. रायफलीचे वजन मात्र ‘तपशील’! लेखकाने एका श्वासात सांगितलेल्या तीन कारणांपैकी आपल्याला भावणारे उचलायचे आणि कळत नाही ते टाकायचे, याला आस्वाद म्हणत नाहीत. त्या दिवशी कॉर्बेट जड दुनळी घेऊन निघाला असता, तर १९४४ मध्ये ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक लिहायला तो कदाचित उरला नसता. एवढे त्या वजनाचे वाङ्मयीन मूल्य.

हलक्या रायफलीचा महिमा गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुसंख्य याच .२७५ ने. हत्तीसाठी सहा-सात किलोंची तोफ हवी, हा त्या काळचा संकेत त्याने मोडला. १९२३ च्या आपल्या पुस्तकात त्याने हत्तीच्या मस्तकातली मेंदूची जागा आकृत्या काढून दाखवली आहे. कवचाची लांब गोळी त्या जागी गेली की पुरे, हे त्याचे म्हणणे. त्याच्यासाठी ते खरेही होते. पण बेलचा हात आणि बेलचे शरीरशास्त्र नसलेल्यांनी तेच माप उचलले, तर हत्ती जखमी होऊन मरणयातना भोगणार; आफ्रिकेतील अनेक देशांच्या कायद्यांनी मोठ्या जनावरांसाठी .३७५ सारखे किमान माप ठरवले, ते याच कारणाने. हलकी रायफल ही आपल्या कौशल्यावर काढलेली हुंडी आहे. पत नसताना काढली, तर ती वटत नाही, आणि भुर्दंड जनावराला बसतो.

बेलच्या शेजारी जॉर्ज ऑर्वेलचा ‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’ हा १९३६ मधला निबंध ठेवून पाहा. ब्रह्मदेशातल्या मौलमीनचा तरुण पोलीस अधिकारी प्रथम जुनी .४४ विंचेस्टर घेऊन निघतो. ती हत्तीला फार तोकडी आहे, आवाजाने फार तर भिवविता येईल, हे त्याला ठाऊक आहे. मग तो केवळ स्वसंरक्षणासाठी मित्राकडून हत्तीची रायफल मागवतो. ही दुसरी रायफल हातात येताच बाजाराची गर्दी त्याच्यामागे लागते, कारण आता हत्ती मारला जाणार हे तिला दिसते. निबंधातली सारी सक्ती शस्त्र बदलण्याच्या त्या क्षणी जन्माला येते. विंचेस्टर हातात होती तोवर तो माघारी फिरू शकत होता. पुढे तो गोळी झाडतो, पण मेंदू कोठे असतो ते त्याला माहीत नाही. कानाच्या छिद्रावर नेम धरण्याऐवजी तो काही इंच पुढे धरतो, आणि हत्ती मरायला अर्धा तास घेतो. बेलला लहान माप पुरले. ऑर्वेलला मोठे माप पुरले नाही. साम्राज्याचा पोकळ डामडौल याहून नेमका कसा दाखवायचा? आमच्या वर्गांत मात्र ‘बंदूक हे सत्तेचे प्रतीक’ हे वाक्य उतरवून घेऊन विद्यार्थी वही मिटतात. कोणती बंदूक? दोघींपैकी पहिली की दुसरी? पहिलीपाशी सत्ता शाबूत होती, दुसरीपाशी ती गर्दीच्या हाती गेली. ‘प्रतीक’ म्हणून दोघींना एक केले, की निबंधच नाहीसा होतो.

तिसरे उदाहरण हेमिंग्वेचे. तेही १९३६ मधलेच. फ्रान्सिस मॅकोम्बरच्या कथेत शेवटी पत्नीच्या हातची गोळी नवऱ्याच्या डोक्यात शिरते. तिने म्हशीवर झाडली की नवऱ्यावर, यावर समीक्षकांनी रीमच्या रीम कागद खर्ची घातले आहेत. पण ती रायफल तिच्या हाताशी आली कशी? ती ६.५ मापाची मॅन्लिखर, ताफ्यातली हलकी रायफल. जखमी म्हशीच्या मागे पायी जायचे म्हणून जड शस्त्रे पुरुषांबरोबर जातात आणि हलकी रायफल मोटारीत बाईसाहेबांपाशी ठेवायला वाटाड्या विल्सन स्वतः सांगतो. जड ते पुरुषांचे, हलके ते स्त्रीचे, या वाटणीतून मृत्यू येतो. कथेतला स्त्री-पुरुष संघर्ष शोधायला मानसशास्त्राच्या पोथ्या उघडण्यापूर्वी कोणी काय उचलले आणि काय मागे ठेवले, एवढी यादी केली असती, तरी पुष्कळ हाती लागले असते.

आता आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांकडे वळू. आस्वादक मंडळी म्हणतील, ही आकडेमोड रुक्ष आहे, तिने रसभंग होतो. रसभंग कोणाचा? लावणीतल्या दागिन्यांची, शालूंची, नथीची नावे आपण टीपा देऊन शिकवतो. संतकाव्यातला चाती, रहाट, जाते समजावून सांगतो. तेथे वस्तू कळली की रस वाढतो आणि रायफलीपाशी येताच तो आटतो, हे कोणते सौंदर्यशास्त्र?

सिद्धान्तवादी मंडळी म्हणतील, शस्त्र हे पौरुषाचे आणि साम्राज्याचे चिन्ह आहे, एवढे पुरे. आम्ही म्हणतो, साम्राज्य चिन्हांपेक्षा मापांतून अधिक चालले. १९०७ च्या सुमारास भारतात .४५० मापाच्या रायफलींच्या आयातीवर बंदी आली, कारण त्या मापाचा दारूगोळा बंडखोरांच्या जुन्या लष्करी मार्टिनींना उपयोगी पडेल ही धास्ती. मग लंडनच्या कारागिरांनी .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. शिकारकथेतला आकडा दिसतो निरुपद्रवी. पण त्यात सरकारची भीती गोठलेली असते. पुढे स्वतंत्र भारतातही लष्करी .३०३ सामान्य परवानाधारकाला वर्ज्य राहिली आणि सरकारी कारखान्याची .३१५ ही त्याची ऐपतीतली रायफल झाली. ज्यांना राजकीय वाचन करायचे आहे, त्यांनी या आकड्यांवरून उडी मारू नये.

तिसरा आक्षेप अहिंसेचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्या देशात शिकारीचा मार्ग बंद केला. ते उचितच झाले, आणि आम्हांला तो पुन्हा उघडायचा नाही. पण म्हणूनच ही निवड आता आपल्याला भेटते ती केवळ पुस्तकात, आणि तेथे ती समजली नाही तर कोठेच समजणार नाही. फॉकनरच्या ‘द बेअर’मधला मुलगा अस्वलाचे दर्शन व्हावे म्हणून बंदूक मागे ठेवून रानात शिरतो. शस्त्र हातात असण्याचा अर्थ ज्याला ठाऊक नाही, त्याला ते खाली ठेवण्याचा अर्थ कसा कळेल? अज्ञान म्हणजे अहिंसा नव्हे.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तो आम्हांला सर्वांत जिव्हारी लागतो. ‘मराठीत शब्दच नाहीत’ ही सबब खोटी आहे. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक, दुनळी, बाराबोअर, काडतूस, छर्रे, दस्ता, चाप, घोडा, बार, नेम. हे सारे मराठीच आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक बाळगणारा शेतकरी ठासणीची आणि काडतुसाची यांत कधी गफलत करणार नाही. वानराने नारळ उतरवला किंवा डुकराने भात नासले, तर आपल्या हातातल्या वस्तूने काय होईल आणि काय होणार नाही, हे तो एका वाक्यात सांगेल. त्याच्या बोलीत भेद शाबूत आहेत. ते हरवले आहेत पदवीधरांच्या प्रमाण लेखनात. ज्याला रायफल म्हणतात त्याला रायफल म्हणावे. तो शब्द केव्हाच मराठी झाला आहे. आकडा मुळात असेल तर अनुवादात ठेवावा, आणि तो हलका की जड हे एका टीपेत सांगावे. एवढ्याने पुस्तकाची चार पाने वाढतील. वाचन कितीतरी पटींनी वाढेल.

शिकवणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. पुढच्या सत्रात चौगडची वाघीण किंवा ऑर्वेलचा हत्ती वर्गात घ्याल, तेव्हा ‘लेखकाची निसर्गदृष्टी स्पष्ट करा’ हा प्रश्न एकदा बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा: या माणसाने हीच रायफल का उचलली, दुसरी का नाही, आणि दुसरी उचलली असती तर काय झाले असते? उत्तर लिहायला विद्यार्थ्याला मूळ पाठ उघडावाच लागेल. गाइडात ते मिळणार नाही.